संगणक पाठीवर बसला तर: सिम्युलेटरमधल्या हवाई झुंजीत बचाव कसा करायचा

संगणकाच्या वैमानिकाची मान कधी अवघडत नाही. त्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. तुम्ही त्याच्या पंखाआड झाकले जात नाही, आणि बऱ्याच सिम्युलेटरमध्ये ढगात शिरलात तरी त्याला दिसतच राहता. त्यामुळे सूर्याच्या दिशेने पळणं, ढगात लपणं, त्याच्या पोटाखाली दडणं असे माणसाविरुद्ध चालणारे निम्मे बचाव इथे फुकट जातात.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. जोरात वळणाऱ्या विमानाच्या किती पुढे नेम धरायचा हे माणसाला भल्याभल्या सरावानंतरही चुकतं. संगणकाला ते शाळेतल्या गणितासारखं सोपं जातं. तुम्ही जीव खाऊन एकाच मापाचं घट्ट वळण धरलंत की स्वतःला सुरक्षित समजता, पण त्याच्यासाठी ते उत्तर छापलेलं गणित असतं. वरच्या पातळीचा वैमानिक अशा वळणात दोन झटक्यांत पंख उडवतो आणि नवखा खेळाडू म्हणतो, ‘हा चीटिंग करतोय.’ क्वचित करतोही, पण इथे नाही.

त्याचा कच्चा दुवाही तिथेच आहे. तो तुमच्या आत्ताच्या वेगावरून आणि वळणावरून हिशेब मांडतो. पुढच्या सेकंदाला तुम्ही काय कराल हे त्याला कळत नाही. म्हणून बचावाच्या दोनच वाटा उरतात. एक, त्याचं नाक तुमच्या पुढे येऊच द्यायचं नाही. दोन, नाक आलंच तर गोळी हवेत असताना गणित बदलायचं. खालचे सगळे डाव या दोनांपैकी एका वाटेचे आहेत.

तयारी: बंदूक नसलेलं विमान घ्या

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये टीएफ-५१डी हे विमान मोफत मिळतं. पी-५१ मस्टँगचीच ही प्रशिक्षण आवृत्ती, पण बिनबंदुकीची. म्हणूनच ती बचाव शिकायला उत्तम. हातात बंदूक असली की नजर पुढच्या काचेवर जाते आणि मागचा विसरतो. कॉकेशसचा नकाशाही मोफत आहे, आणि विकत न घेतलेली लढाऊ विमानंसुद्धा मिशन एडिटरमध्ये संगणकाच्या हाती देता येतात.

एडिटरमध्ये स्वतःचं विमान ३००० मीटरवर, ताशी ४५० किलोमीटरला ठेवा. हा अंदाजे २८० मैलांचा वेग. मस्टँगचा काटा मैलात आहे. विरुद्ध बाजूचं एक बीएफ-१०९ के-४ हे जर्मन लढाऊ विमान तुमच्या बरोबर मागे १००० मीटरवर, १५० मीटर वर, ताशी ५०० किलोमीटरला ठेवा. त्याला हवाई लढाईचं काम द्या आणि पातळी ‘रूकी’, म्हणजे सगळ्यात नवखी, ठेवा. आयएल-२ १९४६ या जुन्या सिम्युलेटरमध्ये झटपट मोहिमेच्या पानावरच शत्रूला वरचढ स्थिती देता येते, तिथे एवढा खटाटोप नाही.

इंधन ५० टक्के पुरतं. मस्टँगच्या दोन्ही पंखांतल्या टाक्या प्रत्येकी ९२ गॅलनच्या, आणि लढाऊ पी-५१डी मध्ये वैमानिकामागे आणखी एक ८५ गॅलनची. ही मागची टाकी भरलेली असली की विमानाचा तोल मागे सरकतो, स्टिक हलकी लागते आणि घट्ट वळणात विमान एकदम गरकन फिरतं. टाकी भरून उडायचं आणि ‘मस्टँग फारच स्टॉल होतं’ (पंख हवेची पकड सोडतो) म्हणायचं, ही नेहमीची तक्रार.

जॉयस्टिकला पिच आणि रोलच्या अक्षावर १५ ते २० ची वक्रता द्या, डेडझोन (स्टिक हलली तरी विमान न हलण्याची मधली जागा) २-३ पुरे. स्टिक पिळून रडर (शेपटीचं सुकाणू) चालवत असाल तर त्या अक्षाला डेडझोन ५ ते ८ ठेवा, नाहीतर स्टिक मागे खेचताना मनगट आपोआप पिळतं आणि विमान घसरत वळतं. विंडोजमध्ये यूएसबीचा वीजबचतीचा पर्याय बंद करा. ऐन झुंजीत जॉयस्टिक झोपी जाते ती याच पर्यायामुळे. दुपारी कधी लाइट जाईल याचा नेम नसेल तर छोटा यूपीएस हवाच. तो नसला तर निदान रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये साठवत राहा.

मागे बघण्याची सोय ही खरी गुंतवणूक आहे. ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवर डोक्याची हालचाल टिपतो. उजेड चेहऱ्यावर हवा. पाठीमागे खिडकी असेल तर भर दुपारी कॅमेऱ्याला चेहरा सापडत नाही आणि दृश्य थरथरतं. टेबल फिरवा किंवा पडदा ओढा. कॅमेरा नसेल तर हॅट स्विचवर ‘मागे डावीकडून’ आणि ‘मागे उजवीकडून’ अशी दोन दृश्यं नेमून द्या. शत्रूला नजरेत बांधून ठेवणारं बटण सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण त्याने क्षितिज हरवतं आणि तुम्ही डोंगरात जाता.

आकडे थोडेच, पण पाठ हवेत

ताशी ३६० किलोमीटरला ४ जीचं (म्हणजे वजन चौपट जाणवेल असं) आडवं वळण घेतलंत तर त्रिज्या २६३ मीटर येते आणि पूर्ण फेरीला साडेसोळा सेकंद लागतात. हे वर्तुळ कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या पाण्यावर सहज मावेल. ताशी ५४० किलोमीटरला ५ जी ओढूनही त्रिज्या ४६८ मीटर होते. म्हणजे वेगात आलेला शत्रू तुमच्याहून जोरात ओढत असूनही तुमच्या वर्तुळाबाहेर फेकला जातो. बचावाची सगळी मदार या फरकावर आहे.

पण हळू जाणं म्हणजेच बचाव, असा अर्थ काढू नका. प्रत्येक विमानाचा एक वेग असतो, ज्याला ते सगळ्यात जलद वळतं. सरळ उड्डाणातल्या स्टॉलच्या वेगाला, जितके जी ओढायचे त्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणलं की तो अंदाजे मिळतो. मस्टँगचा स्टॉल १०० मैलांच्या आसपास. ६ जीसाठी २.४५ ने गुणा, २४५ मैल येतात. त्याखाली ६ जी मिळतच नाहीत, विमान आधीच स्टॉल होतं. २४० ते २८० मैल हा तुमचा पैसा. तो कुठे खर्चायचा ते ठरवून खर्चा. तोळामासा वेग उरल्यावर काय करायचं हा प्रश्नच चुकीचा, तिथवर पोचायचं नाही.

अंतराचा अंदाज यायला हवा. पहिल्या पाच फेऱ्या विमानांवरची नावं आणि अंतर दाखवणाऱ्या पाट्या चालू ठेवून उडा. शत्रू १०००, ६०० आणि ३०० मीटरवर असताना पॉज करा आणि आपल्या शेपटीच्या उभ्या पंखाच्या तुलनेत तो केवढा दिसतो ते कागदावर काढून ठेवा. मग पाट्या बंद करा. तो ताशी ५४० ने आणि तुम्ही ४०० ने जात असाल तर सेकंदाला ३९ मीटर अंतर कमी होतं. ८०० मीटरवरून ३०० वर यायला त्याला जेमतेम १३ सेकंद लागतात. यातले निम्मे सेकंद आपण ‘वळू का नको’ यातच घालवतो.

वळणाची वेळ

१५०० मीटरपलीकडे असेल तर वळू नका. नाक ५ अंश खाली करा, इंजिन ६१ इंच दाबावर आणि ३००० फेऱ्यांवर ठेवा, तो एका खांद्यावरून दिसेल इतकंच वाकडं जा आणि वेग साठवा. मस्टँगला हा जोर १५ मिनिटांपर्यंत चालतो. ६७ इंच फक्त ५ मिनिटं. फार लवकर वळणं ही नवख्यांची पहिली चूक. लांबच्या शत्रूला वळण कापायला भरपूर जागा मिळते, आणि तो पोचेपर्यंत तुमचा वेग संपलेला असतो.

६०० ते ७०० मीटरवर आला की ब्रेक टर्न, म्हणजे त्याचा नेम मोडणारं एकदम घट्ट वळण. क्रम चुकवू नका:

१. स्टिक मागे न ओढता आधी ७५ ते ८० अंशांपर्यंत कलंडा. ओढलेल्या स्टिकने विमान हळू कलंडतं आणि तो अर्धा सेकंद महाग पडतो.
२. ज्या खांद्यावर तो दिसतो त्याच बाजूला वळा. त्याच्यापासून दूर वळणं म्हणजे पाठ धरून उभं राहणं.
३. नाक क्षितिजाखाली १० ते १५ अंश जाऊ द्या. थोडी उंची देऊन वेग विकत घ्यायचा.
४. विमान थरथरू लागेपर्यंत ओढा, मग केसभर ढिलं करा. थरथर म्हणजे पंख हवा सोडतोय. त्यापुढे ओढलंत तर वेग जातो, वळण मात्र वाढत नाही.
५. विमान घसरतंय का ते दाखवणाऱ्या काट्यावरचा चेंडू रडरने मध्ये ठेवा. मस्टँगचा पंखा कॉकपिटमधून बघता उजवीकडे फिरतो, त्यामुळे कमी वेगात पूर्ण जोर दिला की उजवा पाय लागतो. तो विसरलात की घट्ट वळणात एक पंख पडतो.

१० अंश फ्लॅप मस्टँगवर ४०० मैलांपर्यंत चालतात, ते बिनधास्त सोडा. २० अंशांची मर्यादा २७५ मैल आहे. त्यापुढचे फ्लॅप वळणात फायद्यापेक्षा ओझं जास्त.

जास्त जीमुळे डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली तर ओढ थोडी सोडा. आंधळं होऊन घेतलेलं ६ जीचं वळण डोळस ४ जीपेक्षा वाईट, कारण यापुढचं सगळं त्याच्या नाकाकडे बघून ठरवायचंय.

बघायचं ते असं. त्याच्या विमानाचं पोट दिसत असेल तर त्याचं नाक तुमच्या पुढे आहे, गोळी येणार. तो थेट तुमच्यावर रोखलेला दिसत असेल तर या वळणात गोळ्या तुमच्या मागून जातील. त्याची पाठ आणि कॉकपिटचं छत दिसत असेल तर तो मागे पडतोय. पोट दिसलं की वळणाचा भरवसा सोडा आणि लगेच दुसऱ्या वाटेला लागा.

गोळी हवेत असताना

गोळी सरासरी सेकंदाला ७५० मीटर धरली तर ३०० मीटर कापायला तिला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही ३ जीचा बदल केलात तर तुम्ही गणितातल्या जागेपासून फक्त २.४ मीटर सरकता. मस्टँगचा पंखविस्तार ११.२८ मीटर. म्हणजे धड वाचेल, पंख वाचेलच असं नाही. ५०० मीटरवर मात्र ०.६७ सेकंद मिळतात आणि तुम्ही साडेसहा मीटर सरकता. म्हणून हुलकावणी लांबून सुरू करायची. गोळ्या काचेवर वाजू लागल्यावर सुरू केलेली हुलकावणी उशिराची.

(लहान विमान असण्याचा फायदाही यातच आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर भारतीय हवाई दलाच्या निर्मलजीत सिंग सेखों यांनी जे नॅट हे छोटं जेट उडवलं त्याचा पंखविस्तार पावणेसात मीटरच्या आत होता, समोरच्या पाकिस्तानी सेबरचा ११ मीटरहून जास्त.)

हुलकावणी डावी-उजवी, डावी-उजवी अशी तालात देऊ नका. तालात झुलणारं विमान सरासरीने सरळ रेषेतच असतं, आणि वरच्या पातळीचा संगणक मधोमध झोड उठवून वाट बघतो. प्रत्येक वेळी प्रतल बदला: अर्धवट कलंडून ओढा, सोडा, उलट्या रडरने घसरा, स्टिक पुढे ढकला, पुन्हा वेगळ्या कोनात ओढा. एक बदल १ ते २ सेकंदांचा. स्टिक पुढे ढकलणं माणसाला नकोसं वाटतं, म्हणून आपण ते विसरतो. संगणकाच्या हिशेबाला मात्र तोच धक्का सगळ्यात मोठा. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या स्पिटफायरमध्ये यानेच इंजिन अडखळतं, तिथे तो डाव जपून.

हुलकावणी १० सेकंदांहून जास्त चालली तर तुम्ही हरताय. प्रत्येक झटका वेग खातो. ती डाव नव्हे, पुढच्या डावापर्यंतची मुदत आहे.

त्याला पुढे जाऊ द्या

कुस्तीत खाली सापडलेला मल्ल वरच्याला उचलायला बघत नाही. तो मातीला चिकटून दम राखतो, आणि वरचा पकड बदलायला थोडा पुढे झुकला की निसटतो. कोल्हापूरच्या खासबाग आखाड्यात बसून बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथला ‘पुढे झुकलेला क्षण’ म्हणजे ओव्हरशूट: वेगाच्या भरात शत्रू तुम्हाला ओलांडून पुढे निघतो.

बॅरल रोल हा त्यासाठीचा सगळ्यात भरवशाचा डाव, कारण संगणक तुमच्या मागे मागे येण्याच्या नादात वेग आवरायला उशीर करतो, विशेषतः खालच्या दोन पातळ्यांवर. तो ३०० ते ४०० मीटरवर आणि जोरात येत असला पाहिजे. थ्रॉटल अर्ध्यावर आणा, नाक २० अंश वर घ्या, मग एकाच बाजूला सावकाश कलंडत आणि ओढत राहा, जणू मोठ्या पिंपाच्या आतल्या बाजूने फिरताय. पूर्ण फेरीला ५ ते ६ सेकंद लागू द्या. सरळ रेषेपेक्षा तुमची वाट लांब होते, त्याची आखूड राहते आणि तो पुढे निघतो. चुकतं ते असं: नाक वर न घेता नुसतं गोल फिरतात. ते विमान जागच्या जागी फिरतं, वाट काही लांबत नाही. आणि तो तुमच्याच वेगाने येत असेल तर हा डाव लावू नका. पिंपाच्या माथ्यावर तुम्ही सगळ्यात हळू असाल आणि तो निवांत नेम धरेल.

ब्रेक टर्नमधूनही ओव्हरशूट मिळतो. तो तुमच्या शेपटीमागून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला झपकन सरकताना दिसला की त्या क्षणी उलट कलंडा आणि त्याच्याकडे ओढा. ‘झपकन’ शब्दावर जोर आहे. तो सावकाश सरकत असेल तर तो ओव्हरशूट नव्हे, तो तुमच्या वळणात मुरतोय. तेव्हा उलटलात तर स्वतःच्या हाताने त्याच्या नाकासमोर जाऊन बसाल. लवकर उलटण्याने जितकी विमानं पडतात तितकी स्टॉलनेही पडत नसतील.

उलटल्यावर दोघं एकमेकांना कात्रीसारखे छेदू लागता. इथे पुढे कमी सरकणारा जिंकतो. प्रत्येक छेदानंतर लगेच उलटा, फ्लॅप २० अंश, थ्रॉटल कमी. पण १३० मैलांखाली जाताना मस्टँगचा डावा पंख सांभाळा. संगणकाचे वैमानिक इथे वेगवेगळे वागतात: कुणी सरळ निघून जातो, कुणी इंजिनाच्या जोरावर उभा चढतो. चढला तर मागे जाऊ नका. के-४ मस्टँगपेक्षा सरस चढतं. नाक खाली करा आणि हजार मीटर अंतर कमवा.

चढायचं की उतरायचं

गोल गोल चढत शत्रूला दमवायचा डाव प्रसिद्ध आहे, पण तो चढण्यात सरस विमानाचाच. स्पिटफायर ९ घेऊन एफडब्ल्यू-१९० ए या जर्मन विमानापुढे असाल तर १६० मैलांवर, २० ते ३० अंश कलंडून चढा. तो नाक वर करून पोचायला बघतो, वेग गमावतो, स्टॉल होऊन पडतो. तो पडताना तुम्ही वरून उलटा. मस्टँगने के-४ समोर हे केलंत तर काम तमाम. आणखी एक अडचण: जुन्या सिम्युलेटरमध्ये संगणकाच्या विमानाचं उड्डाणशास्त्र सोपं केलेलं असायचं, त्यामुळे ते कागदावरच्या मर्यादेपलीकडे चढायचं. आयएल-२ ग्रेट बॅटल्समध्ये संगणकही तुमच्याच उड्डाणशास्त्राने उडतो, तिथे कागदावरचे आकडे कामी येतात.

मस्टँगचा मार्ग खालचा. ३००० मीटरवरून ४ जीचं उतरतं गोल वळण धरा, वेग २६० मैलांच्या आसपास राहील इतकंच नाक खाली. दर दीड-दोन सेकंदांनी ओढ ३ ते ५ जीमध्ये बदलती ठेवा, नाहीतर पुन्हा छापील गणित. जमिनीपासून ५०० मीटरच्या आत अनेक संगणक वैमानिक जमीन टाळायचा हिशेब आधी करतात आणि नाक वर घेतात. काही जण सरळ टेकडीत जातात. तेवढ्या फटीत सुटून निघा.

उंचीचा काटा इथे दगा देतो. तो सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. तिच्यावर काटा ९०० दाखवत असेल तर खाली फक्त ३०० मीटर हवा. कॉकेशसच्या दऱ्यांत हीच गत. उलटं होऊन खाली ओढायचं असेल तर ताशी ४०० किलोमीटरला निदान १२०० मीटर हाताशी हवेत, आणि थ्रॉटल आधी कमी करा.

दोघे मागे लागले तर जवळच्याकडे वळा आणि दोघं एकाच बाजूला, एका रेषेत राहतील असं बघा. पुढे निघालेल्याच्या मागे जाण्याचा मोह होतो. जाऊ नका, दुसरा त्याचीच वाट बघत असतो. जेट आणि क्षेपणास्त्रांचं प्रकरण निराळं. एवढंच ध्यानात ठेवा की मागच्या बाजूला शत्रू आला की त्याने क्षेपणास्त्र डागायच्या आधीपासून फ्लेअर (उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे) दोन-दोन सोडायचे, आफ्टरबर्नर (जेटचा जादा जोराचा जाळ) बंद करायचा आणि क्षेपणास्त्र बरोबर काटकोनात राहील असं वळायचं.

सराव

प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. पडलात की लगेच नवी सुरू करू नका. टॅकव्ह्यू या उड्डाण पुन्हा बघायच्या प्रोग्रामच्या मोफत आवृत्तीत रेकॉर्डिंग उघडा आणि तीनच गोष्टी लिहा: त्याने पहिली गोळी किती मीटरवरून झाडली, तेव्हा तुमचा वेग किती होता, आणि त्याआधी किती सेकंद तुमचे जी बदललेच नव्हते. दहा फेऱ्यांत त्याच्या गोळीबाराचं अंतर कळतं. ब्रेक टर्नचा ६०० चा आकडा मग त्यावरून मागे-पुढे करा. तिसरा आकडा ३ सेकंदांच्या वर दिसला तर पडण्याचं कारण शोधत बसायची गरज नाही.

पाचपैकी चार फेऱ्या टिकलात की पातळी एकाने वाढवा: रूकी, ट्रेन्ड, व्हेटरन, एस. व्हेटरनला शत्रू १००० ऐवजी ७०० मीटरवर ठेवा. एसला आधी बरोबरीच्या उंचीवरच भेटा, मागून नको. एसपुढे तीन मिनिटं निघाली की बंदुकीचं विमान घ्या, मात्र पहिल्या दहा फेऱ्या ट्रिगरला बटण नेमूच नका.